कर्करोगाचे मूलपाठ आणि पहिला वैद्य : देवळाली कॅम्प, परळ व बार्शी यांच्या संदर्भात एक विचार

मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग कसारा घाट चढून इगतपुरीस पोचला, की पुढील पठारावर, नाशिक रोडच्या अलीकडे, देवळाली हे स्थानक लागते. त्याच्या परिसरात, भगूरला लागून वसलेली छावणी म्हणजे देवळाली कॅम्प. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारने येथे बराकी बांधल्या. हिंदुस्थानातील मुदत पुरी झालेले गोरे शिपाई स्वदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत येथे राहत. बोटी बहुधा नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत त्यानंतर भरे त्यास सारा उन्हाळा आणि पावसाळा येथेच काढावा लागे. रिकामपण, ऊन, मद्य आणि हिवताप यांनी पुष्कळांचे चित्त ठिकाणावर राहत नसे. इंग्रजी भाषेत वेडसर माणसास ‘डूलाली’ म्हणण्याचा जो प्रघात पडला तो या गावाच्या नावावरून. मुळातील ‘डूलाली टॅप’ या प्रयोगातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’च होय. पुढे पहिल्या महायुद्धात जखमी व आजारी सैनिकांसाठी येथे मोठी लष्करी रुग्णालये उभी राहिली, आणि कोरड्या, थंड हवेमुळे मुंबईकर, विशेषतः पारशी कुटुंबे, हवापालटासाठी येथे येऊ लागली.

वैद्यकाच्या इतिहासात देवळालीसारख्या छावणीचे स्थान पाहू गेल्यास एक गोष्ट प्रथमच दृष्टीस पडते. येथील वैद्यकाचा सर्व संसार ताप, पटकी, आमांश, गुप्तरोग आणि उष्माघात यांभोवती फिरत होता. कर्करोगास त्यात जवळजवळ जागाच नव्हती. याचे कारण रोगात नव्हे, रोग्यात आहे. बराकीत राहणारा मनुष्य विशीतिशीतला. चाळिशी ओलांडण्यापूर्वीच तो बोटीत बसून निघून जाई किंवा स्मशानात पोचे. कर्करोग हा बहुतांशी उत्तरवयातला रोग. ज्या लोकसमूहात उत्तरवयाची माणसेच नाहीत तेथे तो दिसावा कसा?

हा मुद्दा एका छावणीपुरता असता तर त्याचा एवढा विस्तार करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ब्रिटिश अमदानीतील सार्वजनिक आरोग्याचे वार्षिक अहवाल पाहिले असता असे आढळते, की त्यांतील सर्वांत काटेकोर आकडे तीन ठिकाणांचे आहेत : गोरी पलटण, देशी पलटण आणि तुरुंग. देशातील रोगराईचे चित्र सरकारी वैद्यकाच्या मनात उभे राहिले ते मुख्यतः या तरुण पुरुषांच्या वस्तीवरून. त्यात स्त्रिया नव्हत्या, वृद्ध नव्हते, शेतकरी नव्हता. ‘हिंदुस्थानी लोकांस कर्करोग क्वचित होतो’ ही समजूत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत टिकून राहिली तिच्या मुळाशी हा दृष्टिदोष बराचसा असावा. आणि जो रोग क्वचित होतो तो विद्यार्थ्यास सविस्तर कशाला शिकवावयाचा, हा त्यापुढील सरळ तर्क होता.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज इ. स. १८४५ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी हिंदुस्थानातील रोगांविषयीचा आपला मोठा द्विखंडात्मक ग्रंथ १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा गाभा तापाचे प्रकार, आमांश, यकृताचे विकार व पटकी यांनी व्यापलेला आहे. आणि ते स्वाभाविकच होते, कारण रुग्णालयाच्या खाटा त्याच रोग्यांनी भरलेल्या असत. १८५८ मध्ये हेन्री व्हॅनडाइक कार्टर या महाविद्यालयात शारीर शिकविण्यासाठी आले. ग्रे यांच्या जगप्रसिद्ध शारीर-ग्रंथातील आकृत्या याच कार्टर यांनी काढलेल्या. त्यांचे मुंबईतील संशोधन महारोग, पायाचा ‘मदुरा’ विकार आणि उलटून येणारा ताप यांविषयीचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ऊतक पाहण्याची सवय त्यांनी येथे रुजविली, आणि पुढे अर्बुदांच्या अभ्यासास जी दृष्टी लागते तिची ही पूर्वतयारीच होय. तथापि विद्यार्थ्याच्या वाट्यास कर्करोग येई तो दोनच रूपांत : शल्यगृहात कापून काढावयाची गाठ म्हणून, नाहीतर विकृतिशास्त्राच्या संग्रहालयात बरणीत ठेवलेला नमुना म्हणून. दोन्ही रूपे रोगाच्या शेवटच्या अवस्थेची आहेत हे येथे ध्यानात घ्यावे.

याच महाविद्यालयात १८६१ मध्ये मराठी व गुजराथी माध्यमाचे वैद्यकवर्ग निघाले. त्यांतून तयार झालेली माणसे तालुक्याच्या दवाखान्यांत नेमली जात. पुढे पुण्यास १८७८ मध्ये बैरामजी जीजीभाई यांच्या नावाचे वैद्यक-विद्यालय सुरू झाले. १९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही परीक्षा-संस्था स्थापन झाली व तिची ‘एल. सी. पी. एस.’ ही पदवी घेतलेले डॉक्टर गावोगाव दिसू लागले. रोग्याची पहिली गाठ पडते ती याच वर्गाशी. परंतु विश्वविद्यालयाची पदवी घेणाऱ्यास जे थोडेबहुत कर्करोग-ज्ञान मिळे, त्याचाही अंशच या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत येत असे. रोग ओळखण्याची संधी ज्यास सर्वांत आधी मिळते त्यास त्या रोगाचे शिक्षण सर्वांत कमी मिळावे, अशी ही व्यवस्था होती. या विसंगतीचा पुढील शंभर वर्षांचा प्रवास हाच खरे पाहता या विषयाचा इतिहास आहे.

आयुर्वेदात अर्बुदाचा विचार आहे, याचा उल्लेख अशा प्रसंगी अनेकदा केला जातो. सुश्रुताच्या निदानस्थानात ग्रंथी व अर्बुद यांचे वर्णन असून रक्तार्बुद आणि मांसार्बुद असाध्य म्हटली आहेत. एका अर्बुदावर किंवा त्यासोबत दुसरे उद्भवल्यास त्यास निराळी नावेही दिली आहेत. निरीक्षण म्हणून हे मोलाचे आहे. परंतु त्यात पेशीविज्ञान शोधू जाणे म्हणजे सुश्रुतावरही अन्याय आणि विद्यार्थ्यावरही. पेशीपासूनच पेशी उत्पन्न होते, हा सिद्धांत फिर्शो यांनी १८५८ मध्ये मांडला, त्यानंतरच कर्करोगाचे आजचे शास्त्र शक्य झाले.

कर्करोग हिंदुस्थानात विरळ नाही, हे सांगणारे आवाज मात्र अगदीच नव्हते असे नाही. काश्मिरात कांगडी पोटाशी धरून बसणाऱ्यांच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाविषयी एल्म्सली यांनी १८६६ मध्ये लिहिले होते. १९०८ मध्ये बेंटॉल यांनी त्रावणकोरातील १,७०० रुग्णांचा गोषवारा प्रसिद्ध केला; त्यात तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण इतके मोठे होते, की विडा-तंबाखूच्या सवयीकडे बोट दाखविल्यावाचून गत्यंतर नव्हते. विश्वनाथ व ग्रेवाल यांनी १९३० नंतरच्या दशकात निरनिराळ्या रुग्णालयांतील नोंदी एकत्र करून हाच निष्कर्ष अधिक विस्ताराने मांडला. ज्या देशात त्या काळी सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते, तेथे उत्तरवयातील रोगाची एकूण संख्या कमी दिसणारच. परंतु त्या त्या वयाच्या माणसांत तो कमी नव्हता, हा या विवादातील निर्णायक मुद्दा होय.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या व पुढील वर्षी सर दोराबजी टाटाही निवर्तले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या प्रयोगशाळांचे प्रमुखपद डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आले. खानोलकर लंडनचे एम. डी. असून परळला येण्यापूर्वी त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात व नंतर शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकविले होते. म्हणजे ते मुळात अध्यापक होते, आणि त्यांच्या संशोधनावर अध्यापकाच्या वृत्तीची छाप स्पष्ट दिसते.

सूर्याबाई यांच्यासह त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. लोकांच्या चालीरीतींमुळे होणारे तीन नवे कर्करोग त्यात वर्णिले आहेत. कमरेस धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षे एकाच जागी घर्षण झाल्याने त्वचेवर होणारा एक. चुन्यात मळलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत धरून ठेवल्याने ओठावर होणारा दुसरा. आणि आंध्रच्या किनारपट्टीत चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याच्या रिवाजामुळे टाळूवर होणारा तिसरा. विलायतेतील विद्यार्थ्यास कर्करोगाची कारणमीमांसा शिकविताना पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये वर्णिलेल्या धुराडी साफ करणाऱ्या मुलांची गोष्ट सांगतात. जपानच्या यामागिवा व इचिकावा यांनी १९१५ मध्ये सशाच्या कानास डांबर चोळून कर्करोग उत्पन्न केला, तो प्रयोगही सांगतात. मुंबईच्या विद्यार्थ्यास धुराडे ठाऊक नाही. धोतर आणि तंबाखूची चंची त्याच्या घरातच आहे. बाहेरून येणाऱ्या वस्तूचा दीर्घ, वारंवार, एकाच जागी होणारा संपर्क ही कर्करोग-विचारातील पहिली पायरी शिकविण्यास याहून चांगला पाठ मिळणे कठीण. त्यानंतर १९५५ मध्ये संघवी, राव व खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध आकड्यांनी दाखविला. १९५६ मध्ये पेमास्टर यांनी गालाच्या आतील कर्करोगाच्या ६५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तत्पूर्वी १९५३ मध्ये मुंबईचेच कान-नाक-घसा-तज्ज्ञ जोशी यांनी टाळूखालील ऊतक आवळत जाऊन तोंड उघडेनासे होण्याचा विकार वर्णिला होता. त्याचे कर्करोगाशी असलेले नाते पेमास्टर यांच्या लेखनातून पुढे आले. मेहता, पिंडबोर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून आपले निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध केले.

या सर्व कामाची एकत्र मांडणी केली तर वैद्यक-विद्यार्थ्यास देण्याजोगा एक संपूर्ण मूलपाठ तयार होतो, आणि त्याचे साहित्य परकीय ग्रंथांतून उसने आणावे लागत नाही. सवय, तिच्यामुळे होणारा पांढरा किंवा लाल चट्टा, चट्ट्यातून होणारे न भरणारे क्षत, जबड्याखालील लसिकाग्रंथीची कठीण गाठ, आणि शेवटी तोंड न उघडणे, अन्न न गिळता येणे : रोगाचे हे सर्व टप्पे दिव्याच्या उजेडात, उघड्या डोळ्यांनी दिसतात. पोटातील किंवा फुप्फुसातील कर्करोग अंधारात वाढतो. तोंडातला कर्करोग वैद्यासमोर वाढतो. तरीही तो उशिरा आला असे म्हणावे लागते, ही गोष्ट शिक्षणाविषयी काही सांगते.

हे ज्ञान निर्माण झाले ते वैद्यक-महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर. परळचे रुग्णालय ही स्वतंत्र संस्था होती. १९५२ मध्ये तेथे खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, १९५७ मध्ये रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुशक्ती विभागाकडे गेले, आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधनसंस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. खानोलकर स्वतः १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. बोर्जेस, जस्सावाला, पेमास्टर यांच्यासारखे शल्यविशारद तेथे घडले. विशेषज्ञ तयार करण्याचे काम या केंद्राने उत्तम केले यात वाद नाही. परंतु विशेषज्ञांची संस्था जितकी समर्थ होते तितका सामान्य महाविद्यालयात एक समज बळावतो, की कर्करोग हा ‘तिकडचा’ विषय आहे. रोग्यास चिठ्ठी देऊन परळला पाठविले म्हणजे कर्तव्य संपले. विद्यार्थी हे पाहतो आणि तेच शिकतो.

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने वैद्यकशिक्षणाची दिशा बदलू पाहिली. सर्व देशात एकच मूलभूत वैद्य असावा, त्याने समाजात जाऊन रोगप्रतिबंध करावा, अल्पमुदतीचे अभ्यासक्रम बंद व्हावेत, असा तिचा आग्रह होता. त्याच सुमारास पुण्याचे विद्यालय महाविद्यालय झाले, १९४७ मध्ये नागपूरला आणि पुढे औरंगाबाद, मिरज इत्यादी ठिकाणी नवी महाविद्यालये निघाली. यामुळे ‘पहिला वैद्य’ पदवीधर झाला हे खरे. परंतु पदवीच्या अभ्यासक्रमात कर्करोग विखुरलेलाच राहिला. पेशीची अनिर्बंध वाढ विद्यार्थी विकृतिशास्त्राच्या वर्गात शिके. स्तनाची गाठ शल्यशास्त्रात. गर्भाशयमुखाचा रोग स्त्रीरोगशास्त्रात. स्वरयंत्राचा कान-नाक-घशाच्या विभागात. रक्ताचा कर्करोग कायचिकित्सेत. किरणोपचाराची ओळख क्ष-किरण विभागातील थोड्या दिवसांच्या नेमणुकीत, आणि तीही जेथे असा विभाग असेल तेथेच. या साऱ्या तुकड्यांना जोडणारा धागा विद्यार्थ्याने आपला आपण ओवावयाचा. एकाच हत्तीचे पाय, सोंड आणि शेपूट निरनिराळ्या खोल्यांत दाखवून ‘हत्ती शिकविला’ असे म्हणण्यासारखाच हा प्रकार होता.

तुकड्यांनी शिकविण्यात आणखी एक दोष असतो. एका खोलीत सिद्धांत बदलला तरी दुसऱ्या खोलीत जुनाच चालू राहतो. स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण घेता येईल. हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया स्तन, छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथी एकसंध काढून टाकणारी होती. रोग मुळापासून टप्प्याटप्प्याने बाहेर पसरतो, तेव्हा जितके अधिक कापावे तितके बरे, हा तिचा सिद्धांत. बर्नार्ड फिशर यांच्या सहकार्यगटाने केलेल्या चाचण्यांनी, विशेषतः १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने, दाखवून दिले, की गाठ काढून किरणोपचार दिल्यास रुग्णाच्या आयुष्यात कमतरता येत नाही. कारण पुष्कळ रुग्णांत रोगाचे सूक्ष्म अंश आरंभीच रक्तावाटे दूर गेलेले असतात. शस्त्रक्रियेच्या ग्रंथातील बदल हा पेशीविज्ञानातील बदलाचा परिणाम आहे हे ज्यास एकत्र शिकविले नाही, त्यास तो केवळ फॅशनचा बदल वाटतो. रोगाची अवस्था ठरविण्याची जी पद्धती फ्रान्समध्ये पिएर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात रचली, ती मूळची गाठ, लसिकाग्रंथी आणि दूरचा प्रसार अशी तीन अंगे वेगवेगळी मोजते. विद्यार्थी ती परीक्षेसाठी पाठ करतो. वास्तविक ती कोणत्याही रोग्यास तपासताना विचारावयाच्या तीन प्रश्नांची यादी आहे : मूळ कोठे, शेजारी गेला काय, लांब गेला काय. हे तीन प्रश्न देवळालीच्या दवाखान्यातही विचारता येतात.

वेदनेचा विषय तर कोणाच्याच खोलीत नव्हता. महाराष्ट्रात बरेच रुग्ण रोग हाताबाहेर गेल्यावरच येतात. अशा रुग्णास आवश्यक असलेले औषध म्हणजे मॉर्फीन. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांची अशी गुंतागुंत निर्माण केली, की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. त्यापुढील वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशामक औषधांची तीन पायऱ्यांची पद्धती जाहीर केली, आणि त्याच १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन हे भारतातील पहिले शुश्रूषागृह सुरू झाले. कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ मध्ये. मधल्या सुमारे तीस वर्षांत जे विद्यार्थी पदवीधर झाले त्यांतील पुष्कळांनी मॉर्फीनची मात्रा स्वतः कधी लिहिलीच नाही. पुस्तकात ते होते, वॉर्डात नव्हते. आणि वैद्यकात विद्यार्थी पुस्तकापेक्षा वॉर्ड शिकतो. कर्करोगाच्या शिक्षणातील हा खंड जितका मोठा, तितकाच कमी चर्चिला गेलेला आहे.

परळच्या भिंतीबाहेर एक निराळा प्रयोग सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे झाला. तेथील कर्करोग रुग्णालयाच्या आधारे १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबर शेजारचे परांडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. शहरात रुग्णालयांच्या नोंदी गोळा करून भागते, आणि मुंबईत १९६३ पासून तशी नोंदणी होतीच. खेड्यात मात्र रोगी रुग्णालयापर्यंत पोचतच नाही. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलत, लक्षणे सांगत, संशयित रुग्णास बार्शीस येण्याचा आग्रह करीत. हेतू नोंदणीचा होता. परिणाम त्याहून मोठा झाला. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे दिसून आले, आणि तसा निबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतेही नवे यंत्र नव्हते, नवे औषध नव्हते. केवळ लक्षणांची माहिती गावात पोचली होती.

याच परिसरात, त्या वेळच्या उस्मानाबाद व आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. रोगकारक विषाणूची एकवार केलेली तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने कमी करते, असे तीत आढळले. ॲसेटिक आम्ल लावून उघड्या डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीचा मृत्यूंवर तेथे लक्षणीय परिणाम दिसला नाही. परंतु मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने चालविलेल्या चाचणीत हीच साधी पद्धती दर दोन वर्षांनी वापरली असता मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष २०१४ मध्ये आला. विरोधाभास वाटतो तो वरवरचा आहे. तपासणी एकदाच की पुनःपुन्हा, तपासणारे हात किती सरावलेले, आणि दोष आढळल्यावर उपचार किती खात्रीने होतो, यांवर साध्या पद्धतीचे यश अवलंबून असते. विद्यार्थ्यास ही दोन चाचण्यांची तुलना शिकविणे, हा रोगप्रतिबंधाच्या वर्गातील एक उत्तम पाठ होईल. विशेष म्हणजे मुंबईत तपासणी करणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या; बेताचे शालेय शिक्षण घेतलेल्या व काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. जे काम त्या करू शकल्या ते साडेचार वर्षे शिकलेल्या वैद्यास येत नसेल तर दोष त्याच्या बुद्धीत खासच नाही. केरळात तोंडाच्या बाबतीत असाच अनुभव आला : २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनुसार तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांची तोंडे ठरावीक काळाने पाहिल्याने त्यांच्यातील या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

येथे पुन्हा नाशिककडे वळावे लागते. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व त्याचे ठाणे नाशिक येथे ठेवण्यात आले. राज्यातील बहुसंख्य वैद्यक-महाविद्यालयांच्या परीक्षा तेव्हापासून नाशिकहून चालतात; देवळाली कॅम्प आणि हे विद्यापीठ एकाच तालुक्यात येतात, हा योगायोग मजेचा आहे. विद्यार्थी काय वाचतो हे अभ्यासक्रमापेक्षा प्रश्नपत्रिका ठरविते, हे प्रत्येक अध्यापक जाणतो. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने कर्करोगाचे तुकडे जोडण्याचा प्रयत्न केला आहे. जीवरसायनशास्त्रात कर्करोगाची उत्पत्ती, विकृतिशास्त्रात नववृद्धी, कायचिकित्सेत सामान्य कर्करोग अशी प्रकरणे असून ती एकमेकांशी जोडून शिकवावीत अशी सूचना आहे. रुग्णास अशुभ वार्ता कशी सांगावी यासारखे संवादाचे पाठही आले आहेत. कागदावरील ही मांडणी पूर्वीच्या कोणत्याही मांडणीहून सरस आहे. परंतु जोडून शिकवावयाचे म्हणजे चार विभागांच्या अध्यापकांनी एका वेळी एका खोलीत यावयाचे, आणि हे घडवून आणणे हे अभ्यासक्रम लिहिण्यापेक्षा पुष्कळ अवघड काम आहे. दीर्घ प्रश्नात ‘स्तनाच्या कर्करोगाचे वर्गीकरण लिहा’ असे विचारणे सोपे. विद्यार्थ्याने रुग्णाच्या तोंडातील जिभेची कड, गालाचा आतला भाग आणि जिभेखालची जागा प्रत्यक्ष पाहिली की नाही, हे तपासणे कठीण. जे तपासण्यास कठीण ते परीक्षेतून गळते, आणि परीक्षेतून गळलेले शिक्षणातूनही गळते.

देवळाली कॅम्पच्या बाजारपेठेतील दवाखान्यात आज येणारा रोगी बराकीतला तरुण शिपाई नाही. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी, मिश्रीने दात घासणाऱ्या स्त्रिया, निवृत्त सैनिक, नाशिक रोडच्या कारखान्यांत काम केलेले कामगार : ज्या वयाची माणसे जुन्या छावणीच्या नोंदीत नव्हती तीच आता बाकावर बसलेली असतात. मिश्री म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. पण ती घासणारी स्त्री ‘तंबाखू खाता काय?’ या प्रश्नास मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ती दंतमंजन आहे. प्रश्न कसा विचारावा हादेखील कर्करोगाच्या मूलपाठाचाच भाग होय, आणि तो कोणत्याही इंग्रजी ग्रंथात मिळत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली. परंतु सुपारी-तंबाखूने ज्यांचे तोंड आवळत चालले आहे अशी तरुण मंडळी तपासणीस येतच आहेत. त्यांच्या बाबतीत पहिली परीक्षा अशी : रोग्यास आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी जुळवून दातांमध्ये धरण्यास सांगावे. तीन बोटे मावली नाहीत तर तोंड उघडणे कमी झाले आहे असे समजून आतील भाग बोटाने चाचपून पाहावा, टाळू व गालाखाली आवळलेले पट्टे लागतात काय हे पाहावे, पांढरा वा लाल चट्टा अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेले क्षत आढळल्यास त्याच्या कडेचा तुकडा बायॉप्सीसाठी पाठविण्याची व्यवस्था करावी, आणि मगच परळची चिठ्ठी लिहावी.